मिरचीचा फवारा आणि बंद दार: तुरुंगातल्या नियमांचं एक वाचन

१३ फेब्रुवारी २०१४. ही तारीख लक्षात नसली तरी त्या दिवशी टीव्हीवर दिसलेलं दृश्य आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. लोकसभेत तेलंगणाच्या विधेयकावरून गदारोळ चालू होता आणि विजयवाड्याचे खासदार लगडपाटी राजगोपाल यांनी भर सभागृहात पेपर स्प्रे मारला. खोकत, डोळे चोळत, नाकाला रुमाल लावून लोकप्रतिनिधी बाहेर धावले. काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. देशभर संताप झाला आणि थोडी थट्टाही झाली.

नेमक्या त्याच दिवशी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात युरोपियन मानवी हक्क न्यायालयानं ‘ताली विरुद्ध एस्टोनिया’ या खटल्यात निकाल दिला. एस्टोनियाच्या तुरुंगात जन्मठेप भोगणाऱ्या एका कैद्यानं पहारेकऱ्यांचा हुकूम मानला नाही. त्याच्यावर मिरचीचा फवारा मारला गेला, दंडुका चालवला गेला आणि मग त्याला पट्ट्यांनी पलंगाला बांधून तीन तासांहून अधिक वेळ ठेवलं गेलं. न्यायालय म्हणालं की हे सगळं मिळून अमानुष आणि अवमानकारक वागणुकीत मोडतं.

तारखा जुळल्या हा योगायोगच. त्यातून काही सिद्ध होत नाही. पण दोन्ही प्रसंग आम्ही शेजारी ठेवले ते एका गोष्टीसाठी. खासदारांना दार होतं. फवारा उडाला, ते उठले आणि मोकळ्या हवेत गेले. कैद्यालाही दार असतं, पण त्याची किल्ली फवारा मारणाऱ्याच्या खिशात असते. तुरुंगातल्या रासायनिक साधनांविषयीचे नियम आम्ही गेले काही महिने वाचतो आहोत, आणि आमचं आजचं सगळं म्हणणं या दाराभोवती आहे.

आधी पदार्थाविषयी थोडं. आपली वर्तमानपत्रं ‘पेपर स्प्रे’चं भाषांतर बऱ्याचदा ‘मिरपूड फवारा’ असं करतात. ते चूक आहे. काळ्या मिरीचा इथे काही संबंध नाही. ही आपली लाल मिरचीच, तिचा तेलकट अर्क. त्याचं तांत्रिक नाव ओलिओरेझिन कॅप्सिकम, थोडक्यात ओसी. इंग्लंडमध्ये पावा नावाचा प्रयोगशाळेत बनवलेला भाऊबंद वापरतात. सीएस आणि सीएन ही अश्रुधुराची रसायनं वेगळी, पण अमेरिकेतल्या काही तुरुंगांच्या नियमांत ती ओसीच्या मांडीला मांडी लावून बसलेली असतात.

मिरची आपल्याला भाजत नाही, भाजल्याचा निरोप मेंदूला पाठवते. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी एक घंटा आहे, ती मिरचीतलं कॅप्सेसिन थेट वाजवतं. ही घंटा १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधली आणि त्यासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे आग नसते, पण शरीर आगीत असल्यासारखं वागतं: डोळे मिटतात, श्वासनलिका आवळते, ठसका थांबत नाही. आणि हे तेलकट असल्यामुळे नुसत्या पाण्यानं सहजी जात नाही. ठेचा वाटल्यावर हात धुवून तासाभरानं डोळ्याला लावला तर काय होतं हे इथे कुणाला सांगायला नको. आता हेच तेल बाराएक फुटांच्या खोलीत हवेत उडालंय, भिंतीवर बसलंय, अंथरुणात मुरलंय आणि खोली बंद आहे अशी कल्पना करा. ज्यांना अंडा सेल हा शब्द बातम्यांतून माहीत आहे त्यांना खोलीचा अंदाज येईल.

आता मजकुराकडे येऊ. आमच्या वाचनातला सगळ्यांत बोलका नमुना अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याचा. तिथल्या तुरुंग खात्याचा नियम वाचला की पहिला परिणाम चांगला होतो. अरे, किती विचार केलाय, असं वाटतं. कैदी कोठडीत आरडाओरडा करतोय, दार बडवतोय. आधी त्याला समजवा. ऐकत नसेल तर वरिष्ठांची परवानगी घ्या. मग शेवटचा इशारा द्या. मग फवारा, तोही मोजून, एकेका सेकंदाचे तीन. मग थांबा. शांत झाला नाही तर पुन्हा. त्यानंतर आंघोळ, कपडे बदलणं, वैद्यकीय तपासणी, कागद भरणं. एखाद्या चांगल्या सरकारी कार्यालयात असतात तशा पायऱ्या आणि सह्या.

पण हा मजकूर दुसऱ्यांदा वाचताना आम्ही एक साधी गोष्ट केली, जी आपण कवितेची किंवा कथेची समीक्षा करताना करतो. वाक्यांचे कर्ते पाहिले. अधिकारी पाहतो, समजावतो, परवानगी मागतो, इशारा देतो, मोजतो, थांबतो, लिहितो. कैद्याला क्रियापदं किती? दोनच. तो ऐकतो किंवा ऐकत नाही. ‘ऐकू शकत नाही’ हे क्रियापद त्या साखळीत पायरी म्हणून कुठे येतच नाही. मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांचा उल्लेख असतो, पण त्यांच्या उत्तरावर पुढचं काही अडत नाही.

हा भाषेचा बारकावा नाही. यावरच तिथे खटला लढला गेला. फ्लोरिडा स्टेट प्रिझनमधले कैदी न्यायालयात गेले. त्यांच्यात गंभीर मानसिक आजार असलेली माणसं होती. दार बडवल्याबद्दल, ओरडल्याबद्दल त्यांच्यावर कोठडीत असताना वारंवार फवारे मारले गेले होते आणि कातडीला भाजल्यासारख्या जखमाही झाल्या होत्या. जिल्हा न्यायालयानं आणि मग २०१० मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं ‘थॉमस विरुद्ध ब्रायंट’ या निकालात सांगितलं की ज्या कैद्याला आजारामुळे हुकूम पाळताच येत नाही, त्याच्यावर ठरवून रसायन वापरणं ही घटनेनं मना केलेली क्रूर शिक्षा आहे. जे कैदी शुद्धीवर होते, हुकूम समजून नाकारत होते, त्यांच्या बाबतीत मात्र कैद्यांची बाजू टिकली नाही. ही मर्यादाही लक्षात ठेवायला हवी, कारण आपण बऱ्याचदा असे निकाल आहेत त्याहून मोठे करून सांगतो.

आम्हाला या निकालात खिळवून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. तुरुंगातल्या अत्याचाराचा खटला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नियम मोडणारा शिपाई येतो. कुणीतरी मर्यादा ओलांडली, कुणीतरी खोटा अहवाल लिहिला. इथे प्रश्न धोरणाचाच होता. इशारा दिला होता, परवानगी घेतली होती, सेकंद मोजले होते, नंतर आंघोळही घातली होती, आणि तरीही जे घडलं ते क्रूर होतं. म्हणजे नियमाची प्रत्येक पायरी पाळूनही माणूस तिथे पोचू शकतो जिथे पोचू नये म्हणून नियम केला होता. पुढच्या वेळी कुणी ‘कार्यपद्धतीनुसार कारवाई झाली’ असं छापील वाक्य तोंडावर फेकलं, तर थॉमस खटला आठवावा.

या नियमांत एक शब्दांची जोडी आहे, ती नीट धरली की सगळं उलगडतं. एक ‘तत्काळ’ बळ आणि दुसरं ‘ठरवून’ वापरलेलं बळ. अंगणात दोन टोळ्या भिडल्या, कुणाच्या हातात धार लावलेलं पातं आहे, कुणीतरी मरणार आहे. तिथे शिपाई विचार करत बसू शकत नाही. हे तत्काळ बळ. दुसऱ्या बाजूला माणूस एकटा आहे, कोठडी बाहेरून बंद आहे, तो बाहेर यायला तयार नाही, किंवा जेवणाच्या फटीतून ताट परत देत नाही, किंवा रडतोय, भिंतीवर डोकं आपटतोय. बाहेर पाच-सहा जण मुखवटे आणि ढाली घेऊन उभे आहेत. त्यांना घाई कसली? स्वतःलाच इजा करणाऱ्या माणसाला वाचवायची घाई असेल, तर ते कारण खरंच आहे, पण मग त्याचा विचार तसाच, डॉक्टरला शेजारी उभं करून झाला पाहिजे. बाकी वेळी बंद दार दोन्ही बाजूंना सुरक्षित ठेवतं. दार बंद असणं म्हणजे हातात वेळ असणं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८६ च्या ‘व्हिटली विरुद्ध अल्बर्स’ खटल्यात बळाच्या वापराची कसोटी ठरवली, ती तुरुंगातल्या एका दंगलीच्या संदर्भात. अधिकाऱ्यानं प्रामाणिकपणे शिस्त राखण्यासाठी बळ वापरलं, की केवळ दुखावण्याच्या दुष्ट हेतूनं? १९९२ मध्ये ‘हडसन विरुद्ध मॅकमिलियन’मध्ये तीच कसोटी पुढे नेली आणि जखम गंभीर नसली तरी दाद मागता येते असंही सांगितलं. दंगलीत ही कसोटी समजण्यासारखी आहे, कारण क्षणात निर्णय घेणाऱ्याला नंतर थंड डोक्यानं दोष देणं सोपं असतं. पण ठरवून केलेल्या फवाऱ्याला हीच सवलत का द्यायची? थॉमस निकालातली कसोटी त्यामुळे महत्त्वाची. तिथे दुष्ट हेतू शोधावा लागला नाही. धोका माहीत होता आणि त्याकडे बेपर्वाईनं दुर्लक्ष झालं, एवढं पुरलं.

हाच प्रश्न कॅलिफोर्नियात जास्त मोठ्या प्रमाणावर आला. तिथे मानसिक आजारी कैद्यांच्या उपचारांविषयीचा ‘कोलमन’ खटला १९९० पासून चालू होता. २०१३ मध्ये न्यायाधीश लॉरेन्स कार्लटन यांच्यापुढे बळाच्या वापराचा मुद्दा सुनावणीला आला आणि न्यायालयात चित्रफिती दाखवल्या गेल्या. या चित्रफिती कुणी चोरून काढलेल्या नव्हत्या. ठरवून बळ वापरायचं तर चित्रण करायचं, हा तुरुंग खात्याचाच नियम. पहारेकऱ्यांनी स्वतःच्या बचावासाठी भरलेली ती वही होती म्हणा ना! त्यात भ्रमात असलेली, किंचाळणारी माणसं दिसतात. बाहेरून हुकूम येतो, हातकडी घालून घे. आत त्याचा अर्थ पोचत नाही. फवारा. पुन्हा तोच हुकूम. पुन्हा फवारा. न्यायाधीशांनी या चित्रफिती जनतेला पाहायला मोकळ्या केल्या, आणि १० एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला की मानसिक आजारी कैद्यांवर ज्या रीतीनं फवारा वापरला जातो ती घटनाबाह्य आहे.

त्या चित्रणात हुकूम देणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा चिडलेला नसतो, आणि आम्हाला तेच अस्वस्थ करतं. तो वाचून दाखवल्यासारखा असतो. इंग्रजी नियमांत याला ‘अनुपालन मिळवणं’ अशा अर्थाचे शब्द आहेत. आपल्याकडे अनुपालन अहवाल फायलीला लागतो. तिथे ते माणसाच्या डोळ्यांतून काढायचं असतं. आपल्या भाषेत यासाठी जुना, नागडा शब्द आहे, मिरचीची धुरी. धुरी कोण कुणाला आणि कशासाठी देतो हे त्या शब्दातच दिसतं. ‘रासायनिक घटकाचा वापर’ म्हटलं की देणारा, घेणारा आणि कारण तिन्ही अदृश्य होतात. नियमांचा मराठी तर्जुमा कधी झालाच तर निदान एका तळटिपेत तरी धुरी हा शब्द असावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

कार्लटन यांच्या निकालानंतर कॅलिफोर्नियानं नियम बदलले. ठरवून बळ वापरण्याआधी मानसोपचार कर्मचाऱ्यानं दाराशी जाऊन कैद्याशी बोलायचं, त्याला शांत व्हायला अवधी द्यायचा, त्याला हुकूम कळतोय का याचा विचार करायचा. आमच्या मते या बदलांतली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे अवधी. डॉक्टरच्या सहीपेक्षाही. सही ही पुन्हा एक पायरीच, आणि पायऱ्यांचं काय होतं ते फ्लोरिडात दिसलं. नाखूश, दमलेला, त्याच तुरुंगाच्या पगारावर असलेला डॉक्टर रात्री दोन वाजता ‘हरकत नाही’ लिहून जाऊ शकतो. थांबणं मात्र खोटं लिहायला कठीण. चित्रफितीच्या कोपऱ्यात घड्याळ चालू असतं.

इथे दुसरी बाजू ऐकायला हवी आणि ती आम्ही हलक्यात घेत नाही. तुरुंगात काम करणारी माणसं मार खातात. अंगावर उकळतं पाणी, मलमूत्र, अणकुचीदार वस्तू येतात. फवाऱ्याचे समर्थक म्हणतात, हे साधन नसेल तर काय उरतं? दंडुका आणि अंगाला अंग भिडवणं. त्यात हाडं मोडतात, दोन्हीकडची. आणि कॅलिफोर्नियाचाच इतिहास त्यांच्या बाजूनं साक्ष देतो. तिथल्या कॉर्कोरन तुरुंगात कैद्यांच्या मारामाऱ्या थांबवायला मनोऱ्यावरून बंदुका चालवल्या जात आणि त्यात कैदी मेले. १९९० च्या दशकातलं ते प्रकरण खूप गाजलं. गोळीच्या जागी मिरची आली असेल तर ती सुधारणाच म्हणायची.

हे मान्य. पण नीट बघा, हा सगळा युक्तिवाद अंगणाचा आहे, तत्काळ बळाचा आहे. गोळीला पर्याय म्हणून फवारा आला, आणि मग जिथे गोळी कधीच चालली नसती अशा ठिकाणीही तो पोचला. ताट परत न देणाऱ्या माणसावर बंदूक कुणी रोखली नसती. तिथे पूर्वी काय करत? कदाचित कुणीतरी उभं राहून बोलत असेल, कदाचित मारतही असतील, आम्ही भूतकाळ रंगवून सांगत नाही. पण कमी घातक म्हणून आलेलं साधन कमी विचारानं वापरलं जातं, आणि ज्या तुलनेवर ते मंजूर झालं ती तुलना पुढे कुणी काढत नाही.

यामागे पैशाचाही हिशेब आहे. कॅलिफोर्नियाचे तुरुंग सुमारे ८०,००० कैद्यांसाठी बांधलेले आणि त्यांत जवळजवळ दुप्पट माणसं, असं चित्र २०११ मध्ये ‘ब्राऊन विरुद्ध प्लाटा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. मानसोपचाराच्या खाटा अपुऱ्या, माणसं वाट बघत कोठड्यांत. अशा ठिकाणी दाराशी उभं राहून तासभर बोलायला माणूस कुठून आणायचा? डबा कमरेला असतोच. त्यामुळे फवाऱ्याचा नियम सुटा वाचून चालत नाही, त्या तुरुंगात रात्रपाळीला किती माणसं आहेत हे शेजारी ठेवून वाचावा लागतो. त्या रात्री डॉक्टर आवारात नसेल, तर ‘आधी डॉक्टरशी बोला’ या कलमाचा अर्थ काय उरतो?

आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी थोडक्यात. १९९३ चा रासायनिक शस्त्रांवर बंदी घालणारा करार १९९७ मध्ये लागू झाला. भारतही त्यात आहे. या करारानुसार दंगल नियंत्रणाची रसायनं युद्धाचं साधन म्हणून वापरता येत नाहीत, देशांतर्गत कायदा राखण्यासाठी मात्र वापरता येतात. याला कारणं आहेत. रणांगणावर एकानं धूर सोडला की दुसरा त्याहून भयंकर काही सोडेल ही भीती त्यामागे आहे. कारणं असली तरी निष्पत्ती विचित्रच: शत्रूच्या सैनिकावर जे सोडता येत नाही ते स्वतःच्या नागरिकावर, बंद खोलीत, सोडता येतं.

संयुक्त राष्ट्रांचे नेल्सन मंडेला नियम २०१५ मध्ये मंजूर झाले. तुरुंगांविषयीचं जगातलं हे सगळ्यांत मान्यताप्राप्त दस्तऐवज, आणि आम्हालाही त्याविषयी आदर आहे. पण त्याचा ८२ वा नियम वाचताना आम्ही अडखळलो. बळ कधी वापरावं? स्वसंरक्षणासाठी, पळून जाण्याच्या प्रयत्नात, आणि कायदेशीर हुकुमाला सक्रिय किंवा निष्क्रिय शारीरिक प्रतिकार झाल्यास. निष्क्रिय प्रतिकार! आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी याला निःशस्त्र प्रतिकार म्हणत आणि त्यासाठी माणसं येरवड्याला जात. तिथे जमिनीवर बसून राहणं हेच ज्यांचं हत्यार होतं अशांचे फोटो आज आपल्या कचेऱ्यांत लावलेले आहेत. मंडेला नियम पुढे म्हणतात की बळ अत्यावश्यक तेवढंच असावं आणि घटनेचा अहवाल ताबडतोब द्यावा. ठीक. पण बसून राहिलेल्या माणसाला उचलून नेणं हे बळ आहे आणि त्याच्या तोंडावर फवारा मारणं हेही बळच आहे. एकाच शब्दात दोन्ही मावतात ही त्या मजकुरातली उणीव आहे. ज्याचं नाव या नियमांना दिलं त्यानं स्वतः २७ वर्षं कैद भोगली होती, म्हणून ती आम्हाला जास्त खुपते.

युरोपमध्ये मात्र एका समितीनं ही रेघ स्पष्ट ओढली आहे. युरोप परिषदेची छळप्रतिबंध समिती देशोदेशींचे तुरुंग पाहते. तिचं म्हणणं असं की मिरचीचा फवारा हा धोकादायक पदार्थ आहे, तो बंदिस्त जागेत वापरू नये, आणि जो कैदी आधीच ताब्यात आहे त्याच्यावर तर कधीच नाही. ताली खटल्यात न्यायालयानं हाच आधार घेतला. शिवाय पहारेकऱ्यांकडे शिरस्त्राणं, ढाली अशी दुसरी साधनं होती, त्याकडेही बोट दाखवलं. समितीची ही रेघ आम्हाला सेकंद मोजणाऱ्या नियमांपेक्षा सरस वाटते, कारण ती पदार्थाचा स्वभाव आणि खोलीचा आकार पाहून ओढलेली आहे. एक सेकंद मोकळ्या मैदानात वेगळा आणि दहा बाय बाराच्या खोलीत वेगळा.

आता इंग्लंड. सामान्य नागरिकानं असा फवारा जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे. १९६८ च्या बंदूक कायद्यात तो मनाई असलेल्या शस्त्रांत मोडतो. तुरुंग अधिकाऱ्यांना पावा देण्याचा प्रयोग हल, प्रेस्टन, रिस्ली आणि वेल्सटन या चार तुरुंगांत झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेव्हाचे तुरुंगमंत्री रोरी स्टुअर्ट यांनी जाहीर केलं की प्रौढ पुरुषांच्या बंदिस्त तुरुंगांतल्या सर्व अधिकाऱ्यांना पावा मिळेल. त्या प्रयोगाचं मूल्यमापन नंतर प्रसिद्ध झालं. अधिकाऱ्यांना अधिक सुरक्षित वाटलं, हे त्यात होतं. हिंसाचाराच्या प्रमाणावर थेट परिणाम दिसला नाही, हेही होतं. आणि मार्गदर्शक सूचनांशी न जुळणारे वापर झाले, हेही होतं.

सुरक्षित वाटणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. घाबरलेला पहारेकरी कुणालाच परवडत नाही. पण मग साधन आणताना तसं म्हणा ना: आम्ही हे कर्मचाऱ्यांच्या धीरासाठी देतोय. हिंसा कमी करण्यासाठी देतोय असं म्हणायचं, हिंसा कमी झाली नाही असं आपल्याच अहवालात छापायचं, आणि वाटप चालू ठेवायचं, याला धोरण म्हणणं आम्हाला जड जातं. तिथल्या समानता आणि मानवी हक्क आयोगानं न्यायालयीन आव्हानाला पाठबळ दिलं, सरकारकडून काही आश्वासनं मिळाली. मग कोविड आला आणि कैद्यांना दिवसाचे बावीस-तेवीस तास कोंडून ठेवण्याच्या त्या काळात वाटपाला उलट वेग आला. कृष्णवर्णीय आणि मुस्लीम कैद्यांवर हे साधन त्यांच्या संख्येच्या मानानं जास्त वापरलं जातं, हेही तिथल्या आकडेवारीतून पुढे आलेलं आहे. भीती कुणाची वाटते हे शेवटी पाहणाऱ्याच्या मनावर ठरतं, आणि ‘धोका जाणवल्यास’ असं ज्या नियमात लिहिलेलं असतं तिथे जाणिवेची जात-धर्म-रंग विचारायलाच हवेत.

आणि एप्रिल २०२५ मध्ये तेव्हाच्या न्यायमंत्री शबाना महमूद यांनी फेल्टम, वेरिंग्टन आणि वेदरबी या किशोरांच्या तुरुंगांत पावा वापरायला परवानगी दिली. तिथली मुलं साधारण पंधरा ते अठरा वर्षांची. मर्यादित संख्येतले, खास प्रशिक्षण घेतलेले अधिकारीच वापरतील, गंभीर हिंसेतच वापरतील, आढावा घेतला जाईल, असं सांगितलं गेलं. या मुलांकडून होणारे हल्ले खरे आहेत, अधिकारी संघटनेची मागणी जुनी आहे, हे सगळं धरूनही आम्ही तो नियम त्याच दोन प्रश्नांनी वाचतो. एक, फवारा मारला तेव्हा दार बंद होतं की उघडं? दोन, समोरच्याला हुकूम कळत होता का? पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं गृहीत धरायला आम्ही तयार नाही. त्या वयात रागाच्या भरात ऐकू येणं आणि ऐकणं यात किती अंतर असतं ते ज्यांच्या घरी त्या वयाची मुलं आहेत त्यांना विचारा.

त्या आढाव्यात काय मोजलं जाईल यावर आमचं लक्ष आहे. किती वेळा वापर झाला, किती अधिकारी जखमी झाले, हे आकडे येतीलच. डबा बाहेर काढला पण फवारा न मारता प्रसंग निभावला अशा वेळांची नोंद व्हावी. वापराआधी किती मिनिटं बोलणं झालं याची नोंद व्हावी. आणि फवाऱ्यानंतर तो मुलगा किती वेळानं मोकळ्या हवेत आला, हा आकडा मिनिटांत, प्रत्येक घटनेसमोर लिहिलेला असावा. लोकसभेतल्या खासदारांच्या बाबतीत तो आकडा कुणाला मोजावासाही वाटला नाही, कारण ते आपल्या पायांनी बाहेर आले.

आता तुमचे प्रश्न घेऊ.